लुगडं नाही, लुगरा

माझा कान चांगला आहे हे मला पहिल्यांदा शाळेतल्या बाईंनी सांगितलं. चौथीत धडा वाचताना मी ‘डोळा’ऐवजी ‘डोला’ म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मी ‘ळ’ असा घोटून आणला, की बाई म्हणाल्या, “कान आहे हो हिला.” तेव्हापासून मी शाळेत एक भाषा बोलायला लागले आणि आमच्या गावी, गव्हाणला, घरी दुसरी. पुढे घरचीही हळूहळू कमी होत गेली. आई तिच्या बोलीत विचारायची, मी पुस्तकातल्या मराठीत उत्तर द्यायचे. तिने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, आणि तिला ते चालतंय असं मी सोयीने धरून चालले.

याच कानावर मला नोकरी मिळाली. २०१०च्या आसपासची गोष्ट. नवीन पनवेलला एका मेडिकल स्टोअरच्या वर आमचं ऑफिस होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की रेकॉर्डरमध्ये बडबडत, आणि ती बडबड आम्ही हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने मागेपुढे करत टाइप करायचो. ऑफिसचा नियम एकच. जो शब्द कळला नाही तो अंदाजाने लिहायचा नाही, तिथे रेघ सोडायची. माझ्या रिपोर्टात रेघा सगळ्यांत कमी असत. टेक्सासचा डॉक्टर शब्द चघळत बोलायचा, बॉस्टनचा ‘र’ गिळायचा, आणि आमचेच तेलुगू डॉक्टर तिकडे जाऊन तिसरंच काहीतरी बोलायचे. मला सगळे कळायचे. कुणी अडलं की हेडफोन माझ्या कानाला लावायचा, अशी पद्धतच पडून गेली होती.

फक्त माझा स्वतःचा ॲक्सेंट काय आहे, हे त्या ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं.

तेव्हा मी आणि आई सुकापूरला दोन खोल्यांत राहायचो. वडील गेले होते, ते राबायचे ते मिठागरही बुजलं होतं. आई रोज सकाळी टोपली घेऊन पनवेलच्या बाजारात बसायची, सुकट आणि बोंबील विकायला. ऑफिसात मी ‘आम्ही कोकणातले’ एवढंच सांगितलं होतं. आई काय करते, तर घरीच असते. माझे ऑफिसचे ड्रेस मी प्लास्टिकच्या कव्हरात घालून गॅलरीत टांगायचे, सुकटीचा वास लागू नये म्हणून. ते कव्हर आईनेच आणून दिलं होतं. याचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही, इतकी मी हुशार.

दुपारी डबे उघडले की आमच्या गप्पांना पाय फुटायचे, आणि फिरून फिरून त्या ॲक्सेंटवर यायच्या. त्या ऑक्टोबरात विषय होता जुने विनोदी सिनेमे. टीम लीडरला ते तोंडपाठ होते. नायक-नायिका स्वच्छ पुणेरी बोलणार, आणि मोलकरीण किंवा मासेवाली आली की तिने नुसतं “काय वं” म्हटलं तरी थिएटर हसणार. मी म्हटलं, “ती बोली कुठल्याच गावची नसते. अर्धी कोल्हापूरची, अर्धी कोळीवाड्याची. त्या नटीने बाजारात पाऊलसुद्धा टाकलेलं नसणार.”

“तुला हसू नाही येत?” टीम लीडरने विचारलं.

“येतं ना,” मी म्हटलं. ते खरंच होतं. मला यायचं.

त्यातूनच हॅलोविनचं निघालं. क्लायंट अमेरिकेतले, त्यांच्याकडे या भुतांच्या सणाची धामधूम, मग आपणही काहीतरी करू. भुतांचे कपडे आणायचे कुठून, यावर दोन दिवस खल झाला. शेवटी टीम लीडरने जाहीर केलं की भूतच पाहिजे असं नाही, जुन्या विनोदी सिनेमातलं कुठलंही पात्र चालेल, मात्र त्याच्यासारखं बोलून दाखवायचं. परीक्षक मी, कारण कान माझा.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझी मैत्रीण बसायची. ऑफिसातली सगळ्यांत जवळची. तिच्या घरी मी जेवले होते, तिच्या आईने माझी वेणी घातली होती. मी तिला माझ्या घरी कधी बोलावलं नाही. तिने विचारलं की घराचं काम चालू आहे म्हणायचे. दोन वर्षं आमच्या त्या दोन खोल्यांचं काम चालू होतं.

“मी काय होणार ते सांगणार नाही,” ती म्हणाली. “तू बघतच राहशील.”

तिच्या तोंडात साखर पडो म्हणायची वेळ आली, कारण मी बघतच राहिले.

त्या दिवशी उकाडा मरणाचा होता. एकजण खालच्या दुकानातून क्रेप बँडेज आणून गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळून बसला होता आणि घामाने निथळत होता. एकीने वकील भावाचा काळा गाऊन घालून चेटकीण केली होती. लाल भोपळ्याला नाकडोळे कोरून ठेवले होते, आणि त्याचा गर एका बाईंनी घारग्यांसाठी आधीच डब्यात भरून घेतला होता. दोघातिघांचं झालं. टाळ्या, हशा, मी हातातल्या कागदावर मार्क लिहितेय. मग दार उघडलं आणि मैत्रीण आत आली.

हिरवं नऊवारी, काष्टा घातलेला, डोक्यावर टोपली. ती मधोमध फतकल मारून बसली, टोपली पुढ्यात ओढली, दोन्ही हातांनी गुडघे दाबत “आय गो” केलं आणि म्हणाली, “घेनार असशील तं घे, नायतर वास तरी घेऊन जा. वास फुकट हाय.”

ऑफिस हसून लोळलं.

ते वाक्य मी जन्मल्यापासून ऐकत आले होते. दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं. गुडघे दाबायची ती पद्धत, ‘वास’ म्हणताना किंचित वर जाणारा आवाज, गिऱ्हाईक मागे फिरलं की “जा, सासू बरी नांदवल तुला” हा पुढचा टोला. एकेक आलं, त्याच क्रमाने. मला वाटलं मला काहीतरी होतंय, कानच बिघडलेत. मी तिच्याकडे पाहायचं टाळून खाली पाहिलं, तर समोर पदर पसरलेला. हिरव्या पदरावर निळ्या दोऱ्याची टीप होती. गेल्या पावसाळ्यात तो खिळ्याला अडकून फाटला होता आणि घरात हिरवा दोरा नव्हता म्हणून मी माझ्या ड्रेसच्या उरलेल्या निळ्या दोऱ्याने शिवला होता. माझ्याच हातची टीप, वाकडीतिकडी.

माझ्या आईचं लुगडं नेसून माझी मैत्रीण माझ्या ऑफिसात माझी आई झाली होती, आणि लोक पोट धरून हसत होते. मीही हसत होते. तोंड बंद करायचं लक्षातच आलं नाही.

“परीक्षक!” टीम लीडर ओरडला. “ॲक्सेंट किती खरा?”

मी उठून बाहेर जायला हवं होतं. निदान गप्प बसायला हवं होतं. आणि मी काय केलं? मी चूक काढली. मैत्रीण मधेच एकदा “माजा लुगडा भिजवलास” म्हणाली होती. मी म्हटलं, “बाकी बरोबर आहे. पण लुगडं नाही, लुगरा. त्यांच्यात ‘ड’चा ‘र’ होतो.”

‘त्यांच्यात’ म्हणाले मी. हा शब्द अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

“लुगरा,” मैत्रीण म्हणाली, आणि पुन्हा हशा. “तुला गं कसं माहीत?”

“कान,” मी म्हटलं, आणि तिला पहिला नंबर दिला.

संध्याकाळी चालत घरी गेले. डोक्यात एकच भणभण. लुगडं तिच्याकडे आलं कसं? आईने विकलं? हरवलं? की त्या पोरीला सगळं कळलंय आणि ती माझी फजिती करत होती? रागही आला, तिचा, आईचा, सगळ्यांचा. स्वतःचा सोडून.

आई ओट्याशी बसून बोंबील निवडत होती. मी चप्पल काढायच्या आधीच तिने विचारलं, “आलोईन झाला?”

मी तशीच दारात उभी राहिले. हॅलोविनचा ‘ह’ तिने नेहमीप्रमाणे खाल्ला होता, पण तो शब्द तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. घरी मी अवाक्षर काढलं नव्हतं.

“तुला कुणी सांगितलं?”

“तुमच्यातली पोरगी येते ना माज्याकडं, शनवारची. सुकट नेते. ती म्हनली, मावशी, आमच्या आपिसात आलोईन हाय, मना तुमचा सोंग काढाचा हाय. मी म्हंटला, आलो म्हनता नि परत ईन म्हनता, यो कनचा सन?” आई स्वतःच हसली. “मंग तिनं सांगला समदा. मी म्हंटला, म्हंजे शिमगाच की. आपल्याकडं पन शिमग्याला सोंगा काढतात. तुजा बाप लुगरा नेसून नाचाचा, ठाव हाय ना? मंग दिला तिला माजा. कास्टा येत नव्हता, तो पन मीच शिकवला. आन बोलाचा कसा, ता पन.”

म्हणजे ते सगळं आईनेच शिकवलं होतं. गुडघे दाबणंसुद्धा. “आय गो बोलताना पाय दुखाला पायजे,” असं तिने तिला सांगितलं होतं, ते तिने मला करून दाखवलं.

मी खाली बसले. मग विचारलं, “ती कुठल्या ऑफिसातली, हे तुला कळलं होतं?”

“कललं ना. डाक्टरांचा ऐकून टाइप करतो म्हनली, नवीन पनवेलला, औशदाच्या दुकानावर. दुसरा कंचा असनार?” आईने बोंबलाचं डोकं मोडून बाजूला टाकलं. माझ्याकडे न बघता, अगदी सहज म्हणाली, “तुजा नाव नाय सांगला गो. घाबरू नको.”

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढा धक्का बसला नसता. घाबरू नको. म्हणजे तिला माहीत होतं. गॅलरीतलं कव्हर, घरी न येणाऱ्या मैत्रिणी, बाजार टाळायला मी बदलायचे तो रस्ता, सगळं तिला पहिल्यापासून माहीत होतं. ती पोरगी समोर बसून माझ्याच ऑफिसच्या गमती सांगत असताना, शेजारी बसणाऱ्या हुशार मैत्रिणीचं कौतुक करत असताना, आईने ते सगळं ऐकून घेतलं आणि ‘ती माझी लेक’ हे तीन शब्द गिळले. माझ्या जागी तिने रेघ सोडली. तिला तर शब्द स्पष्ट ऐकू येत होता.

“कशी झाली पोरगी?” आईने विचारलं. “हसली का मानसा?”

“हसली,” मी म्हटलं.

“मंग बरा.”

त्या रात्री मी नीट जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मैत्रिणीने पिशवीतून लुगडं काढलं. रात्रीत धुऊन, इस्त्री करून, घडी घालून आणलं होतं. “संध्याकाळी बाजारात जाऊन मावशींना देणारे,” ती म्हणाली. “चल ना तूही. इतक्या गोड आहेत, तुला आवडतील.”

टेबलाभोवती सहा-सात जणं होती. ऑफिसच्या मराठीत ते वाक्य मनात दोनदा जुळवून पाहिलं, ‘ते माझ्या आईचं आहे’, आणि दोन्ही वेळा ते खोटं वाटलं, धड्यातलं वाटलं. मग जे तोंडातून बाहेर पडलं ते किती वर्षांनी पडलं, देव जाणे.

“माज्या आयचा लुगरा हाय तो. दे, मी नेतय.”

मग टीम लीडरने टेबलावर थाप मारली. “क्या बात है! परफेक्ट ॲक्सेंट! काल तू परीक्षक कशाला झालीस, तूच करायला पाहिजे होतंस.” आणि सगळे हसले, कालच्यासारखेच.

मैत्रीण हसली नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हातातल्या पदराकडे, त्या निळ्या टिपेकडे. माझ्या अंगावर त्या दिवशी त्याच निळ्याचा ड्रेस होता. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. मी हात पुढे केला, तिने लुगडं माझ्या हातात ठेवलं.

बाकीचे अजून हसतच होते. त्यांचं हसू थांबेपर्यंत मी थांबले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.