बाईंच्या संडासाची किल्ली

शनिवार पेठेतल्या एका शाळेत मी एकोणतीस वर्षं मावशी होते. घंटा देणं, पाणी भरणं, झाडलोट, आणि मुलींचा संडास माझ्याकडे. शिक्षण चौथीपर्यंत. हे सांगते आहे ते निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षाचं.

नववीतल्या एका मुलीने वर्गातल्याच दुसऱ्या मुलीला चिठ्ठी लिहिली. तू मला आवडतेस, आणि नुसती मैत्रीण म्हणून नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. चिठ्ठी बाकाबाकांवरून फिरली. मधल्या सुट्टीपर्यंत पाचवीतल्या पोरींनाही पाठ झाली होती. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी लिहिणारी ही पोरगी संडासात शिरली की आतल्या सगळ्या किंचाळत बाहेर. "आली गं आली! ओढण्या सांभाळा!" पहिल्यांदा मला वाटलं पाल निघाली. झाडू घेऊन आत धावले, तर ही एकटी नळापाशी उभी.

मग तिने जायचंच सोडलं. अकरा ते साडेपाच. जायला लागू नये म्हणून पाणीही पिईना. एक दिवस शाळा सुटल्यावर जिन्यात पोट धरून बसलेली दिसली. पुढचा आठवडा ताप आणि डॉक्टरांची औषधं. परत आली तेव्हा म्हणाली, "मावशी, आई दाखला काढणार आहे. मामाकडे गावाला ठेवणार."

"तिथे दहावी करशील?"

"तिथे सातवीपर्यंतच आहे. मामा म्हणतो, स्थळं बघू."

माझी शाळा अशीच सुटली होती, त्यामुळे पुढचं विचारलं नाही. मुलीने मुलीवर जीव लावणं मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. दिवसभर लघवी तुंबवणं कळलं.

बाईंच्या संडासाला कुलूप असायचं आणि किल्ली माझ्या कमरेला. कुणाला न विचारता मी ती तिला देऊ लागले. तास चालू असताना यायची, जाऊन यायची. चार दिवस मी स्वतःला फार हुशार समजले. पाचव्या दिवशी त्या दारावर कुणीतरी खडूने तिचं नाव लिहिलं. मुली बोलू लागल्या, "बघा, मावशीसुद्धा तिला आपल्यात सोडत नाहीत." माझ्यामुळे ते पक्कं झालं.

मोठ्या बाईंनी बोलावलं. "मावशी, किल्ली कुणाला विचारून दिलीत?"

"कुणाला नाही. चुकलं माझं. ओरडणाऱ्या पोरींना बाहेर काढायचं सोडून मी हिलाच बाहेर काढलं."

"मी तरी काय करू? पालकांना बोलावलं तर विषय वाढेल."

"विषय वाढून झालाय, बाई. पोरगी तेवढी कमी व्हायची राहिली आहे."

मी किल्ली कमरेला लावली आणि मधल्या सुट्टीत मुलींच्या संडासाच्या दारातच स्टूल टाकून बसले. डबाही तिथेच खाल्ला. ती आली. आतून किंचाळी आली आणि पोरी बाहेर पळाल्या. सगळ्यात पुढे असायची ती उंच पोरगी, तिचा हात धरला.

"कुठे निघालीस? आत जा."

"मावशी, ती बघते आमच्याकडे."

"सगळ्या दारांना कड्या मी लावून घेतल्यात. कडीतून बघते?"

मागच्या दोघी हसल्या. त्या उंच पोरीला कोपऱ्यात नेलं. पाळीचे पॅड माझ्या कपाटात असायचे, त्यामुळे कुठल्या पोरीचं काय झालं ते मला माहीत असायचं.

"जूनमध्ये माझी साडी गुंडाळून घरी कोण गेलं होतं?"

तिने मान खाली घातली.

"कुणाला सांगितलं मी?"

"नाही. पण मावशी, ते वेगळं. ते सगळ्यांना होतं."

"लघवी सगळ्यांना होत नाही?"

ही धमकी होती का, तर होती. मी सांगितलं नसतं, पण ते तिला माहीत नव्हतं आणि मीही कळू दिलं नाही. ती आत गेली.

मोठ्या बाईंनाही मग जाग आली. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्यांनी सांगितलं, जी ओरडेल तिची मधली सुट्टी माझ्या खोलीत, आणि पालक तिचे येतील. दोघींचे आले. एक वडील बरेच तावातावाने बोलले. बाई बधल्या नाहीत.

शनिवारी चिठ्ठीवाल्या मुलीची आई दाखल्याचा अर्ज घेऊन आली. मोठ्या बाईंनी तिला अर्धा तास समजावलं. बाहेर आली ती माझ्याकडेच.

"मावशी, तुम्ही खरं सांगा. इथे ठेवू का तिला?"

"तिच्याशी कुणी गोड वागेल असं काही मी सांगत नाही. हाल होणार नाहीत एवढं मी बघते."

"आणि ते चिठ्ठीचं?"

"ते मला कळत नाही. तुमच्या भावाला कळतं का? लग्न लावलं की जाईल, एवढंच ना त्याचं?"

तिला राग आला असावा. अर्ज फाडला वगैरे काही नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला. म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघते."

दिवाळीनंतर आई अर्ज घेऊन आली नाही. मुलीने दहावी आमच्याच शाळेतून दिली. शेवटपर्यंत तिच्या बाकावर शेजारी कुणी बसलं नाही. ते मला जमवता आलं नाही.