रोझविताने कापायला लावलेल्या काड्या

सकाळी सात वाजता रोझविता ट्रेप्टे किल्ल्याखालच्या द्राक्षमळ्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर पोचली आणि जागच्या जागी थिजली. काल बोटभर लांब असलेले कोंब उकडलेल्या पालकासारखे लोंबत होते. एकाला तिने हात लावला, तो गळून पडला.

एल्बे नदीकाठच्या या मळ्यातली तिची ही अडतिसावी छाटणी. ऑक्टोबरात ती निवृत्त होणार होती, आणि या पायरीवरच्या ट्रामिनर जातीच्या जुन्या वेलींची एक शेवटची वाइन तिला आपल्या हातून काढायची होती.

दर वर्षी ती प्रत्येक वेलीवर एक जादा काडी उभी ठेवायची. त्या काडीवरचे खालचे डोळे उशिरा फुटतात; बाकीचं गोठलं तरी त्यांच्यावर थोडंफार पीक येतं. मेच्या मध्यावर संत सोफीची तिथी उलटून हिमाची भीती सरली, की मगच ती काडी काढायची. त्यावरून फाल्को, तिच्या हाताखालचा जुना गडी, तिला छळायचा, "मळा आहे की साळिंदर?"

यंदा एप्रिलच्या सुरुवातीलाच लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. बारा तारखेला तिनेच सांगितलं, "काढून टाका सगळ्या."

फाल्को थट्टा विसरला. "रोझे, सोफीला अजून महिना आहे."

"तू मला शिकवणार?"

आज तेवीस तारीख. पहाटे पारा उणे पाचवर गेला होता.

मळ्याचे व्यवस्थापक लेनर्ट धापा टाकत पायऱ्या चढून आले. "किती गेलं?"

"सगळं."

"आणि राखीव काड्या?"

"ऊन इतकं होतं, साहेब," फाल्को घाईने म्हणाला, "आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं."

"गप्प बस रे," रोझविता म्हणाली. "मी कापायला लावल्या. हा नको म्हणत होता."

लेनर्ट तिच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही, ट्रेप्टेबाई? तुम्ही?"

ते ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"खोडातून नवे फुटवे येतील," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आत्ता नीट निवडले, तर पुढच्या वर्षी फळ धरेल."

"पुढच्या वर्षी तुम्ही नसाल."

"नसेन."

लेनर्ट खाली उतरून गेले. फाल्कोने कात्री पुढे केली. तिने ती घेतली, पण कुठल्या वेलीपासून सुरुवात करायची, हे तिला कितीतरी वेळ सुचेना.