महिनाभर दार उघडू नका

उदगीरचे रेणुकादास सर बत्तीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झाले आणि कबुतरांच्या नादी लागले. गच्चीवर खुराडं बांधलं. पांढरी जोडी दिली ती त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यानं, अण्णारावनं. देताना तो म्हणाला, "सर, महिनाभर दार उघडू नका. नव्या घराची सवय व्हायच्या आधी सोडलं, तर जुन्या घराकडं पळतेत."

दहावीत दोनदा आपटलेला पोरगा आपल्याला शिकवतोय, हे सरांना झोंबलं. नवव्याच दिवशी त्यांनी शेजाऱ्यांना मुद्दाम गच्चीवर बोलावलं आणि ऐटीत दार उघडलं. जोडीनं एक गिरकी घेतली आणि सरळ स्टेशनच्या बाजूला निघून गेली. शेजारी हसू दाबत जिना उतरले.

संध्याकाळी अण्णारावचा फोन आला. "जोडी कशी हाय, सर?"

ज्वारीची वाटी अजून सरांच्या हातातच होती. "मजेत आहे. आत्ताच दाणे टिपले."

खोटं बोलला म्हणून याच अण्णारावला त्यांनी एकदा दिवसभर बाकावर उभं केलं होतं.

अण्णाराव हळूच म्हणाला, "बरं झालं. माझ्या पत्र्यावर दोन पांढरी बसून राहिलीत, ती दुसऱ्या कुणाची असतील. तुमच्या जोडीला सोबत म्हणून आणून देऊ का, सर?"