‘जाते’ म्हणून निघालेली बाई

त्या प्रकरणाची फाइल मी स्वतःच्या हाताने बंद केली. डोक्यातून ती आजवर गेलेली नाही.

तेव्हा मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या एका लहान ठाण्यात डिटेक्टिव्ह होतो. एका दुपारी एक मराठी इंजिनिअर बायको हरवल्याची तक्रार घेऊन आला. दोघे कॅरी शहरातल्या घरून सुट्टीवर निघाले होते. हायवे टाळून, नदीकाठची गावं बघत, समुद्राकडच्या आडरस्त्यांनी रमतगमत. फेरीबोटीच्या धक्क्यापाशी ती गाडीतून उतरली आणि परतलीच नाही. माझ्या छातीवरचं नाव वाचून तो मराठीत बोलू लागला, मला ‘काका’ म्हणू लागला. त्या ठाण्यात मला कधी कोणी काका म्हटलं नव्हतं.

उतरताना काय म्हणाली, हा आमचा ठरलेला प्रश्न.

“‘मी जाते’ म्हणाली.”

मी पेन खाली ठेवलं. आपल्याकडे बाहेर पडताना ‘येते’ म्हणतात. ‘जाते’ कुणी चुकून म्हणत नाही. ती हरवली नव्हती, सोडून गेली होती. खोदून विचारल्यावर त्याने भांडण झाल्याचं कबूल केलं. “काका, तुम्ही समजवा ना तिला. तुमचं ऐकेल ती.” त्याच्या बॅगेत दोघांचे पासपोर्ट होते. तिचा तुझ्याकडे कसा, हे मी विचारलं नाही.

तासाभरात मासेमारीचं सामान विकणाऱ्या एका बाईचा फोन आला. एक भारतीय मुलगी दुकानात येऊन बसली होती, बस कुठून मिळते विचारत होती.

सज्ञान व्यक्ती स्वतःहून गेली असेल, तर तिच्या संमतीशिवाय तक्रारदाराला तिचा ठावठिकाणा सांगायचा नाही, हा नियम मी नव्या पोरांना शिकवत असे. त्या दिवशी त्याला गाडीत शेजारी बसवूनच मी दुकानात गेलो.

माझ्यामागे त्याला पाहून ती उभी राहिली. घरी जाऊन शांतपणे बोला, असं काहीतरी मी म्हणालो.

“ऑफिसर, तुम्ही ड्यूटीवर आहात की यांचे काका आहात?”

मी गाडीचं मागचं दार उघडलं. ती गाडीत जाऊन बसली. ‘व्यक्ती सुखरूप सापडली’ असं लिहून मी सही केली.

चार महिन्यांनी कॅरीच्या पोलिसांचा जुनी नोंद मागणारा फोन आला. ती हॉस्पिटलमध्ये होती, हात दोन ठिकाणी मोडलेला. जबाबासाठी दुभाषा हवा का, असं तिला विचारलं होतं. ती म्हणाली होती, इंग्रजी जमेल तसं बोलेन, मराठी माणूस पाठवू नका.

आपल्या माणसांचा संसार सावरतोय, असं मी समजत होतो. मी फक्त एका पुरुषाला त्याची बायको शोधून दिली होती, आणि त्यासाठी सरकारी गाडी वापरली होती.