पॉलिस्टर भरलेली होडी

आबा गावी जायचं म्हणत होते, म्हणून मी होडी घेतली. हे मी बऱ्याच जणांना सांगितलंय, आणि प्रत्येक जण पुढच्या वाक्याची वाट पाहत थांबतो. मला मात्र एवढ्यात सगळं सांगून झालं असं वाटतं.

आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर त्यांनी सुरतेच्या उधन्यात लूम चालवून पॉलिस्टर विणलं. मी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये तसल्याच कापडाला रंग देतो. आमचं घर पॉलिस्टरवर उभं राहिलं, पण आईने ते कधी अंगाला लावून घेतलं नाही. "घाम पीत नाही," म्हणायची. खानदेशातून कोणी येणार असलं की त्याच्या हाती सुती लुगडी मागवायची. नवऱ्याच्या आणि मुलाच्या धंद्याबद्दल तिचं एवढंच मत होतं, आणि ते ती रोज नेसून दाखवायची.

आई गेल्यावर आबांनी एक रेक्झिनची पिशवी भरली आणि दारामागच्या खिळ्याला अडकवली. गावी जाऊन राहणार म्हणाले. गावी आमचं कोणी नाही. घराचे पत्रे उडालेत. आबांना शुगर आहे आणि चहा सोडला तर त्यांना स्वयंपाकातलं काही येत नाही. त्या चहातही ते साखर घालतात. मिलमधून घरी आलो की मी आधी दारामागे बघायचो. एक दिवस खिळा रिकामा दिसेल आणि त्यानंतर गावाहून कोणाचा तरी फोन येईल, याची मला खरोखर भीती वाटायची.

गावी कशाला जायचं, तर म्हणे तिथे तापी आहे. मी म्हटलं, तापी इथेही आहे, तीच आहे. आपल्या गावावरूनच खाली येते. आपण रेल्वेने आलो, ती चालत आली. त्यावर आबा म्हणाले, "हाई पानी खारं शे." भरतीला समुद्र आत येतो, तेव्हा इथलं पाणी खारं होतं, हे खरंच आहे. शिवाय गावात नदीत उतरता येतं, इथे ती काठच्या भिंतीवरून बघावी लागते. दुसरी अडचण मला सोडवता येण्यासारखी वाटली.

इच्छापोरच्या पुढे, नदीकाठच्या एका मच्छीमाराच्या अंगणात ती होडी पालथी पडली होती. लहानशी, शिडाची. आता सगळ्यांच्या होड्यांना मशीन आहे, त्यामुळे हिला कोणी विचारत नव्हतं. खाली कोंबड्या राहत होत्या. सौदा पटकन जमला, ताबा मात्र लगेच मिळाला नाही, कारण एक कोंबडी आत अंड्यांवर बसली होती. पिल्लं निघेपर्यंत थांबा, असं मालक म्हणाला. मी थांबलो. बायकोला मी हे सगळं झाल्यावर सांगितलं. तिने एकच विचारलं, पार्किंग कुठे करणार. होडी त्याच अंगणात राहील म्हटल्यावर तिचा विरोध निम्मा झाला.

सुट्टीच्या दिवशी आबांना स्कूटरवर मागे बसवून मी तिकडे न्यायचो. पहिल्यांदा ते पिशवी मांडीवर घेऊनच आले. मला वाटलं, परस्पर स्टेशनवर सोड म्हणतील. पण होडी बघितल्यावर त्यांनी पिशवी झाडाला टांगली आणि कोंबड्यांची घाण खरवडायला घेतली. आम्ही कुजलेली फळी बदलली, जुना रंग घासून काढला. शिडासाठी मी मिलमधला नापास माल आणला. छपाई सरकलेली, त्यामुळे प्रत्येक फुलाच्या शेजारी त्याच फुलाचं भूत होतं. कापड दुहेरी घेऊन बायकोने शीड शिवलं. ती घरी साड्यांना फॉल-बीडिंगचं काम करते. तिने शिडाच्या खालच्या कडेला फॉल लावला. विचारलं तर म्हणाली, लांब कापडाला फॉल नसला की ते नीट पडत नाही. शिडाने पडायचं नसतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

राहिल्या फळ्यांमधल्या फटी. मच्छीमाराने स्पष्ट सांगितलं होतं की त्यांत सुती दोरा ठासायचा आणि वरून राळ-तेल लावायचं. घरी येताना आबांनी आणि मी त्यावर चर्चा केली. सुती दोरा कुजतो, पॉलिस्टर कुजत नाही. ते सुतापेक्षा मजबूत, पाण्याने फुगत नाही आणि लूमच्या कारखान्यात पोत्याने वाया जातं. सुरतेत राहून होडीत कापूस भरणारा माणूस आमच्या दृष्टीने अडाणी होता. आबांना इतकं उत्साहाने बोलताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. आम्ही उत्तम प्रतीचं पॉलिस्टर यार्न आणलं आणि सगळ्या फटींत छिन्नी-हातोडीने ठासलं. त्यातलं थोडं गुलाबी होतं.

होडी पाण्यात टाकली तो दिवस चांगला होता. नारळ फोडला. आबा टोपी घालून आत बसले, मी शीड वर चढवलं, वारा भरला, फुलं आणि त्यांची भुतं फुगली. काठापासून थोडं पुढे गेलो नाही तोच पाणी घोट्यापर्यंत आलं. मग पिंढऱ्यांपर्यंत. मच्छीमार काठावरून शांतपणे बघत होता. "भाई, आमां पाणी नथी आवतुं," होडीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आमां तो नदी आवे छे." होडी उथळ पाण्यात बुडून गाळावर टेकली. आबा कंबरभर पाण्यात होते तसेच बसून राहिले. मी हात दिला तेव्हा उठले.

कारण समजायला वेळ लागला नाही. सूत पाणी पितं, फुगतं आणि फट बंद करतं. पॉलिस्टर फुगत नाही, हे आम्हीच एकमेकांना कौतुकाने सांगितलं होतं. आई हयात असती तर काही बोलली नसती. नुसता पदर सारखा केला असता.

त्या संध्याकाळी आबांनी पिशवी खिळ्यावरून काढून पायाशी ठेवली. उद्याच्या गाडीची वेळ विचारली. मी म्हटलं, सुती दोरा आणतो, एक सुट्टी थांबा. विनवणी केली म्हटलं तरी चालेल. मग तो आठवडा मी सुती दोरा, नाहीतर पीळ घालायला सुती कापड शोधत फिरलो. आमच्या धंद्यात कापड ओळखायचं तर धागा ओढून जाळतात. सूत कागदासारखं जळतं आणि त्याची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा काळा मणी होतो. मार्केटमध्ये 'प्युअर कॉटन' म्हणून देतील त्याचा धागा मी काडी ओढून जाळत होतो आणि मणी गोळा होत होते. एका दुकानातून मला बाहेर काढलं. दोऱ्याच्या रिळांचीही तीच गत. घरी येऊन मी टॉवेल, चादर, उशीचा अभ्रा, सगळ्यांचे धागे जाळून बघितले. सगळ्यांचे मणी. एवढ्या मोठ्या कापडाच्या शहरात मला एका होडीपुरतं सूत मिळत नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा मी रडायच्या बेतात होतो, आणि ते होडीसाठी नव्हतं.

आबा हे सगळं खाटेवरून बघत होते. मग त्यांनी पिशवी पुढे ओढली आणि उघडली. मला वाटलं होतं, आत त्यांचे कपडे असतील, गोळ्या असतील. आत आईची दोन लुगडी होती. बाकी काही नाही. गावी जाऊन राहायला निघालेल्या माणसाने टॉवेलसुद्धा घेतला नव्हता.

माझ्या हाताला सवय. मी एका लुगड्याचा धागा ओढला आणि काडी लावली. कागदासारखा वास आला. राख बोटाने चोळली तर मऊ होती.

"तापीमा सोडनी व्हती," आबा म्हणाले. गावाच्या घाटावर, जिथे आई धुणं धुवायची, तिथे त्यांना ती लुगडी नदीत सोडायची होती. त्यानंतर काय करायचं, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. राहायचं म्हणाले ते आम्ही दुसरं काही विचारू नये म्हणून. मी म्हटलं, ही राहू द्या, मी दुसरं कुठूनतरी आणतो. त्यांनी लुगड्याची कड दातात धरली आणि फाडली. सुती कापड फाटताना होतो तो आवाज आमच्या घरात कितीतरी दिवसांनी झाला. स्वयंपाकघरातून बायको बघायला आली आणि त्यांच्याशेजारी बसून पट्ट्यांना पीळ घालू लागली. दोन्ही लुगडी संपली तेव्हा आबांनी पिशवी उलटी करून झटकली.

"आते गावले काय लई जाऊ?"

हे त्यांनी मला विचारलं की स्वतःला, कळलं नाही.

पुढच्या सुट्टीला आम्ही ती गुलाबी यार्नसकट सगळी भर उपसून काढली आणि फटींत आईची लुगडी भरली. वरून राळ-तेल लावलं. होडी पाण्यात टाकल्यावर पाणी पुन्हा आत आलं. मी आबांकडे बघितलं नाही. मच्छीमार म्हणाला, थोडा वेळ असू द्या, पिऊ द्या. आम्ही काठावर बसून चहा घेतला. आबांनी दोन चमचे साखर घातली, मी घालू दिली. मग आत साचलेलं पाणी उपसलं. ते पुन्हा भरलं नाही.

आबा आत बसले. मी फॉल लावलेलं शीड चढवलं. काठ मागे पडल्यावर त्यांनी वाकून एका फटीवर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला. भरती होती, पाणी खारं असणार, पण त्यांनी त्याबद्दल काही म्हटलं नाही.

पिशवी अजून खिळ्यालाच आहे. तिच्यात पाणी उपसायचा डबा असतो. घरी आलो की मी अजूनही आधी दारामागे बघतो, आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याआधी तीच स्कूटरवर जाऊन बसलेली असते, आबांच्या मांडीवर.