अंजुमच्या चित्रावरची काच

टेंभे सर गेल्याची बातमी शाळेच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर आली आणि तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही तसेच हात पाठवले आणि कुकर लावायला गेले. शिट्या किती झाल्या ते मोजायचं भानच राहिलं नाही, वरणाचा पार गाळ झाला. सून म्हणाली, "आई, बरं नाही का?" मी म्हटलं, काही नाही गं. खोटं बोलायची मला जुनी सवय आहे आणि ती कुठून लागली तेच आज सांगायचं आहे.

विनायक टेंभे मूळचे अमरावतीकडचे. इकडे हिंदी मुलखात, गोविंदपुऱ्याला लागून आमच्या सरकारी कारखान्याची टाउनशिप, तिथल्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी गणित. माझा फळा म्हणजे आरसा, आणि त्यांचा वर्ग म्हणजे कबाडखाना! आठवीत अंजुम आली. एका फिटरची मुलगी, जन्मापासून दिसत नव्हतं. बाकी सगळ्यांनी धरून चाललं होतं, की चित्रकलेच्या तासाला ती कोपऱ्यात बसेल. सरांनी मात्र गोविंदपुऱ्यातल्या सुतारांकडून भुस्सा आणला, घरून रवा आणला. लाल रंगात भुस्सा, पिवळ्यात रवा, निळा तसाच गुळगुळीत, म्हणजे बोटाला रंग ओळखू यावा. रेघेसाठी डिंकात बुडवलेला सुती दोरा. वर्गात एका मुलाचा हात थरथरायचा, त्याच्या ब्रशला त्यांनी सायकलची ट्यूब गुंडाळून दिली. मी चिडवायचे, "सर, हा वर्ग आहे की पंक्चरचं दुकान?" ते हसायचे. अंजुमचं काम तपासताना ते स्वतःचे डोळे मिटून कागदावरून बोटं फिरवायचे. "झोपलात की काय?" असं मी एकदा दारातून विचारलं, तर डोळे न उघडताच म्हणाले, "तुम्ही एक डाव मिटून पाहा ना जी." मी कशाला मिटते! माझे पेपर तपासायचे राहिले होते.

त्या वर्षी क्लबच्या हॉलमध्ये शाळेचं प्रदर्शन होतं. साहेब लोक सहकुटुंब येणार, आणि मांडणी माझ्याकडे. अंजुमने तिच्या अम्मीचा हात केला होता, पोळी लाटतानाचा. दोऱ्याच्या बांगड्या, बोटांची पेरं उंचावलेली, पिठाच्या जागी चक्क रवा. चित्र छान होतं, हे मलाही दिसत होतं. पण कडा वेड्यावाकड्या, डिंकाचे डाग, आणि रव्याला मुंग्या लागल्या तर? सर बहिणीकडच्या लग्नाला गावी गेले होते. मी त्यांच्या कपाटातून चित्र काढलं आणि अशोका गार्डन वस्तीतल्या फ्रेमवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, "मैडम, ऊपर-नीचे है, काँच नहीं बैठेगी. दबा दूँ?" मी म्हटलं, "दबा दो." एवढंच. इतकी साधी गोष्ट होती हो ती! मला वाटलं, मी त्या पोरीचा मान करतेय. इतरांची चित्रं टाचण्यांवर, आणि हिचं सोनेरी पट्टीच्या फ्रेममध्ये.

प्रदर्शनाच्या सकाळी सर स्टेशनवरून थेट हॉलमध्ये आले. फ्रेमपाशी आले आणि तिथेच थांबले. ते काही बोलणार एवढ्यात अंजुम आलीच. तिने अम्मीला आणलं होतं. ती बाई पहिल्यांदाच शाळेच्या कार्यक्रमाला आली होती, ठेवणीतला दुपट्टा घेऊन. अंजुमने अम्मीचा हात धरला, डोळे मिटायला लावले आणि तो हात चित्रावर ठेवला... "ये तो काँच है," अम्मी म्हणाली. अंजुमने स्वतः हात फिरवला, वर, खाली, कडेला. मग विचारलं, "सर, मेरा चित्र कहाँ है?" सरांनी फ्रेम उतरवली, मागची पट्टी उचकटली. बांगड्या सपाट झाल्या होत्या. रवा काचेला चिकटून निघून आला. "किसने किया?" तिने विचारलं. मी दोन पावलांवर उभी होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, मैंने करवाया. ग़लती हो गई."

खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. जीव भांड्यात पडला! त्याची लाज मला आजही वाटते, चुकीपेक्षा जास्त.

नंतर स्टाफरूममध्ये मी "सर, ते मी..." म्हणायला लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "तिले अजून दोन-अडीच वर्षं तुमच्याजवळ गणित शिकाचं आहे. माझा विषय सुटला तं चालते. तुमच्यावरचा भरोसा उठला तं पोरगी दहावीत अडकन." अंजुमने चित्रकला सोडली ती सोडलीच. व्हरांड्यात सरांचा आवाज आला की ती तोंड फिरवून उभी राहायची. माझ्या तासाला मात्र पहिल्या बाकावर! मी तिला मणी ओवून भूमिती शिकवली, ती पद्धत सरांनीच सुचवलेली, आणि कौतुक मी घेतलं. दहावीला ती उत्तम पास झाली, तेव्हा पेढ्यांचा पहिला पुडा माझ्याकडे आला. सरांकडे गेला नाही. मी तो घेतला, आणि खाल्लासुद्धा.

पुढे आम्ही दोघंही निवृत्त झालो. मी मुलाकडे अरेरा कॉलनीत आले. सणासमारंभाला सर भेटायचे, अंजुमची चौकशी माझ्याकडे करायचे. ती बँकेत लागली, हेही त्यांना मीच सांगितलं. "बरं झालं," म्हणाले. दर वेळी वाटायचं, आज घरी गेले की तिला फोन करायचा. नंबर होता माझ्याकडे...

ती बातमी आल्यावर पंधरा दिवसांनी सरांच्या घरी भेटायला गेले, तर वहिनींजवळ अंजुम बसलेली. तिला मीच कळवलं होतं. तेवढं मात्र मला जमलं. वहिनी आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीवर छातीच्या उंचीवर ओळीने चित्रं लावलेली, सगळी उघडी. दोरा, भुस्सा, रवा, वाळू. नीम, नळावरची रांग, शाळेचं फाटक. "निवृत्त झाल्यापासून हेच करत बसायचे," वहिनी म्हणाल्या. "मी विचारायची, कोणासाठी? तर म्हणायचे, अंजुमचा राग गेला आणि ती कधी आलीच, तर पाहायला काहीतरी पाहिजे ना."

अंजुम दोन्ही हातांनी फाटक पाहत होती. मी तिथेच सांगितलं. फ्रेमवाला, "दबा दो", सगळं. तिची बोटं थांबली. मग अगदी हळू विचारलं, "मैडम, सर बीमार कब से थे?"

"वर्षभर."

"और आपको पता था?"

मी हो म्हटलं.