रघुजींचं दुसरं बारसं

“मेलेल्या माणसाच्या पायाचा इलाज कंपनी कशी करील, अण्णा?”

“मग मला जिवंत करा ना, वकीलसाहेब!” रघुजी ओरडले.

“माझ्या हातात आहे का ते? अक्कांनी कोर्टात म्हणायला हवं, हाच माझा नवरा.”

दोघांनी तुंगाबाईंकडे पाहिलं. त्या सांबाराला फोडणी देत होत्या. कानडी मुलखातल्या बोम्मसंद्र्यात कारखान्यातल्या माणसांसाठी त्यांची मेस होती.

त्र्याण्णव साली रघुजी खलाशी असलेलं मालवाहू जहाज बुडालं. प्रेत सापडलं नाही. जहाजाच्या कंपनीने मृत्यूची भरपाई दिली. तुंगाबाईंनी दर्भाचा पुतळा जाळला, तेरावं घातलं आणि मेस उघडली. आणि इतक्या वर्षांनी परवा रघुजी कुबडी टेकत दारात हजर! मच्छीमारांनी वाचवलं होतं, पण कागदपत्रांविना परक्या तुरुंगात अडकले. जहाज बुडताना मोडलेला पाय तिथेच वाकडा सांधला गेला.

जखमी खलाशाचा इलाज जहाजाच्या मालकाने करायचा असतो. पण कंपनीने कळवलं, हा इसम सदर अपघातात मेला असल्याने त्याला त्याच अपघातात जखमी होता येणार नाही.

“मी परक्या पुरुषाला नवरा म्हणणार नाही,” तुंगाबाई म्हणाल्या. “यांचं तेरावं केलंय मी. विचारा नरसिंहराव भटजींना.”

भटजी आले. “सरी, बरोबर आहे. तेरावं झालं म्हणजे पुन्हा जन्म, पुन्हा बारसं, पुन्हा लग्न. शास्त्रच आहे.”

मग आईचं पोट म्हणून मिशीवाले रघुजी सांबाराच्या मोठ्या पातेल्यात बसले. पाण्यात चमचाभर तूप सोडलं. शेजारणींनी कानात कुर्र केलं.

“रडा हो स्वल्प, जन्मल्यासारखं वाटेल!” भटजी म्हणाले.

“पाय दुखतोय, खरंच रडीन!”

लगेच अंतरपाट धरला. एक टोक वकिलांकडे. तुंगाबाई हार घेऊन उभ्या राहिल्या.

“अहो, लग्नानंतर मेसचं काय?”

“मेस कशाला? नवरा जिवंत असताना बायकोने परक्यांना जेवू घालायचं? उद्यापासून कुलूप!”

“जन्मून तास झाला नाही, आणि कुलपं लावायला निघाले!”

वकिलांच्या हातातला अंतरपाट खाली आला. “अण्णा, गप्प बसा की! अक्का, उद्या तारीख आहे.”

रघुजींनी वाकड्या पायाकडे पाहिलं. आवाज उतरला. “तुंगा, कोर्टात येशील ना? सांगशील ना, मीच तो म्हणून?”

कारखान्याचा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा वाजला. तुंगाबाईंनी हार भटजींच्या हातात दिला, पदर खोचला आणि भाताचं पातेलं उचलून मेसकडे निघून गेल्या.